कॅल्शियम नॉर्मल, मग हाड का मोडलं?

प्रश्न : माझी आई ६९ वर्षांची. गेल्या महिन्यात घरातल्या घरात पाय सरकून पडली आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. रक्त तपासलं तर कॅल्शियम ९.२, म्हणजे अगदी नॉर्मल. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र ११. आता घरात वाद सुरू आहे. कॅल्शियम नॉर्मल असेल तर कॅल्शियमच्या गोळ्या कशासाठी? रिपोर्ट चुकला की डॉक्टर? दुसरं, आपल्या मराठवाड्यात उन्हाला काय तोटा? इथं उष्माघातानं माणसं जातात, आणि उन्हातून मिळणारं जीवनसत्त्वच कमी कसं पडतं? शेजारच्या काकू म्हणतात, गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात कालवून रोज द्या. आणि आमच्या गावाकडं बोअरचं पाणी इतकं जड, की पातेल्याला पांढरा थर धरतो. तो थर कॅल्शियमचाच असतो म्हणे. मग ते पाणी जन्मभर प्यालेल्या आईची हाडं पक्की असायला हवी होती की! माझी मुलगी १६ वर्षांची आहे, तिच्यासाठी यातून काही घेण्यासारखं असेल तर तेही लिहा.
— एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, रिपोर्ट चुकलेला नाही आणि डॉक्टरही नाहीत. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असणं वेगळं आणि हाडं भक्कम असणं वेगळं. त्याहून पुढची गोष्ट अशी, की रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल राहावं म्हणूनच कित्येकदा हाडं पोखरली जातात. तुमच्या शहरातल्या माणसाला हे सांगणं सोपं आहे. नळाला पाणी आलं म्हणून जायकवाडी धरणाचा नाथसागर भरलेला असेल, असं तुम्ही कधी धरून चालता का? जायकवाडीत साठा तळाला गेला तरी पंप चालू आहेत तोवर नळाची धार तीच. आईचा ९.२ हा आकडा नळाचा आहे. धरणात किती उरलंय, ते त्यावरून कळत नाही.

आता थोडे आकडे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. सगळ्या रक्तात मिळून असतं जेमतेम ३०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत मावेल इतकं. पण हृदयाचा ठोका, स्नायूंचं आखडणं-सैलावणं, मज्जातंतूंचे निरोप, जखमेवर रक्त गोठणं, हे सगळं त्या चिमटीवर चालतं. म्हणून शरीर ते १०० मिलिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतं. खाली घसरलं तर ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं वाकडी होऊन आखडतात, झटके येतात. वर गेलं तर तहान-तहान होते, पोट साफ होत नाही, मूतखडे होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. दोन्ही टोकांना हृदयाची लय बिघडू शकते. हाड मोडलं तर माणूस प्लॅस्टर घालून जगतो. हृदय थांबलं तर नाही. शरीराची निवड ठरलेली आहे.

(रिपोर्ट वाचताना एक बारकावा ध्यानात ठेवा. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम मोकळं असतं आणि खरं काम तेवढंच करतं. उरलेल्यातलं बहुतेक अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. खाणं कमी झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं अल्ब्युमिन उतरलेलं असेल तर एकूण कॅल्शियमचा आकडाही उगाच कमी दिसतो. म्हणून डॉक्टर दोन्ही आकडे एकत्र पाहतात.)

हा पट्टा सांभाळतं कोण? गळ्यात थायरॉइडच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या चार ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. त्यांचा शोध पहिल्यांदा लागला तो माणसात नव्हे, आपल्या भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा मेला, तेव्हा रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञानं त्याची चिरफाड केली आणि थायरॉइडला चिकटलेला एक लहानसा पिवळट गोळा त्याच्या नजरेस पडला. हे १८५०च्या सुमाराचं. पुढं १८८०मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथं इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं माणसातल्या ग्रंथींचं सविस्तर वर्णन छापलं. त्या काळात कुणी फारशी दखल घेतली नाही. थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण झटके येऊन का दगावतात, हे कोडं मात्र होतंच. थायरॉइडबरोबर या चार ग्रंथीही कापल्या जात होत्या, हे हळूहळू उमगलं. १९०९मध्ये अमेरिकेत मॅक्कलम आणि फोग्टलिन यांनी दाखवलं, की अशा झटक्यांवर कॅल्शियम टोचलं की झटके थांबतात.

उलट बाजूही लवकरच दिसली. चार्ल्स मार्टेल नावाचा एक अमेरिकी जहाजाचा कप्तान होता. धिप्पाड माणूस, पण काही वर्षांत त्याची उंची सात इंचांनी घटली, हाडं एकामागून एक मोडत गेली आणि रक्तातलं कॅल्शियम चढतच राहिलं. १९२६पासून बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्याच्या गळ्यावर शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या. दोषी ग्रंथी सापडली ती सातव्या वेळी, गळ्यात नव्हे तर छातीत. तोवर मूत्रपिंडं हाताबाहेर गेली होती आणि तो वाचला नाही. चारांतली एक ग्रंथी बेलगाम झाली तर ती आख्खा सांगाडा रिकामा करू शकते, हे त्या कप्तानाच्या कहाणीतून ठळकपणे दिसलं.

तुमच्या आईच्या बाबतीत ग्रंथी बहुधा बेलगाम नाहीत. उलट त्या इमानानं काम करत असाव्यात. रक्तातलं कॅल्शियम जरासं उतरलं की या ग्रंथींच्या पेशींना ते काही क्षणांत कळतं. ते ओळखणारं प्रथिन १९९३मध्ये सापडलं. लगेच पॅराथायरॉइड संप्रेरक, म्हणजे रिपोर्टवरचं पीटीएच, रक्तात सुटतं आणि तीन निरोप देतं. मूत्रपिंडाला ते सांगतं, लघवीतून कॅल्शियम जाऊ देऊ नकोस, फॉस्फरस टाक. त्याच मूत्रपिंडात ‘ड’ जीवनसत्त्वाला अखेरचं, कामाचं रूप मिळतं, त्यालाही ते गती देतं. आणि तिसरा निरोप जातो हाडाला : सोड.

हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण ते सतत मोडत-घडत असतं. एका जातीच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या जातीच्या मागोमाग नवं रचतात. तरण्याताठ्या माणसाचा साधारण दहावा हिस्सा सांगाडा दरवर्षी असा नवा होतो. हाड विरघळलं की त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस रक्तात येतं. गरज भागली की पीटीएच उतरतं, रचणाऱ्या पेशी खड्डा भरून काढतात, हिशेब मिटतो.

आईचा हिशेब मिटत नव्हता, त्याला दोन कारणं. एक तर ‘ड’ ११. आतड्यातून कॅल्शियम आत घ्यायला ‘ड’ लागतं. ते पुरेसं असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी ३० ते ४० टक्के शरीराला लागतं. नसेल तर १० ते १५ टक्के, बाकीचं तसंच बाहेर. म्हणजे जेवणातून येणारं आधीच तोकडं, त्यातलंही बहुतेक वाया. मग पीटीएच वर्षानुवर्षं चढं राहतं आणि तो तिसरा निरोप रोज जात राहतो. दुसरं कारण पाळी गेल्यानंतरचं. इस्ट्रोजेन हे हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवरून धरतं. ते ओसरलं की पुढची काही वर्षं हाड झपाट्यानं उतरतं. फ्रेडरिक ऑलब्राइट या बोस्टनच्या डॉक्टरांनी १९४०च्या दशकाच्या तोंडावर हे नेमकं बोट ठेवून सांगितलं. आपल्याकडं मात्र अजूनही ‘वय झालं’ या दोन शब्दांत विषय संपतो.

पीटीएचची एक विलक्षण गंमत सांगतो. सतत चढलेलं पीटीएच हाड पोखरतं. पण तेच संप्रेरक दिवसातून एकदा, थोडकं टोचलं, तर हाड रचणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि हाड वाढतं! टेरिपॅराटाइड हे इंजेक्शन याच तत्त्वावर बेतलं आहे. अमेरिकेत त्याला २००२मध्ये मंजुरी मिळाली आणि आपल्याकडंही ते मिळतं. ते सगळ्यांना लागत नाही आणि महागही आहे. औषधाचा परिणाम मात्रेइतकाच वेळेवर कसा ठरतो, याचं इतकं ठळक उदाहरण वैद्यकात विरळा.

आता उन्हाचं. तुमचा हा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण त्याचं पहिलं उत्तर शंभर वर्षांपूर्वी तुमच्यापासून फार लांब नाही अशा गावात शोधलं गेलं होतं. ते गाव नाशिक.

पहिल्या महायुद्धानंतरचा काळ होता. युरोपातल्या धुरकट कारखानदार शहरांत मुडदूस झालेली, पाय धनुकलीसारखे वाकलेली पोरं गल्लोगल्ली दिसत. कारणावरून डॉक्टरांत दोन तट पडले होते. लंडनमधले एडवर्ड मेलॅनबी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून म्हणत होते, दोष आहाराचा, कॉड माशाच्या यकृताच्या तेलानं मुडदूस बरा होतो. ग्लासगोचे लोक म्हणत, दोष कोंदट घरांचा, मुलांना मोकळ्यावर सोडा. त्याच ग्लासगो परंपरेतले डॉ. हचिसन यांनी नाशिकमध्ये भारतीय सहकाऱ्यांबरोबर मुडदुसाची पाहणी केली. १९२१ आणि १९२२मध्ये त्यांचे निबंध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत आले. नाशिकला ऊन मुबलक. तरीही मुडदूस होता, आणि तो गरिबांच्या झोपड्यांत नव्हता. खाऊनपिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांतल्या बायका-मुलांत होता. निकृष्ट खाऊन दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या बायकांच्या पोरांची हाडं सरळ होती. दूधतूप असून घरात कोंडलेल्यांची वाकडी. आहार हाच एकमेव दोषी असता, तर हे उलटं दिसायला हवं होतं.

दोन्ही तट अर्धे-अर्धे बरोबर होते, हे लवकरच कळलं. १९१९मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याखाली मुलांचा मुडदूस बरा करून दाखवला होता. १९२२मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी माशाच्या तेलातला मुडदूस हटवणारा घटक ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचं सिद्ध केलं. तोच ‘ड’. मग १९२४मध्ये स्टीनबॉक यांनी दाखवलं, की अन्नावर अतिनील किरण सोडले तर त्या अन्नातही मुडदूस बरा करण्याचा गुण येतो. म्हणजे तेलातून मिळतो तो आणि उन्हातून मिळतो तो घटक एकाच घराण्यातला. कातडीत कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद असतो, त्यावर उन्हातला अतिनील-ब पडला की ‘ड’ तयार होतं. त्यावर आधी यकृतात आणि शेवटी मूत्रपिंडात संस्कार होतो. मूत्रपिंडाचा हा वाटा केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिचेक यांनी थेट १९७०मध्ये उजेडात आणला. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांची हाडं का खचतात, ते तेव्हा उलगडलं.

नाशिकचा तो निष्कर्ष आज आपल्या शहरांना जसाच्या तसा लागू पडतो, फक्त पडद्याची जागा फ्लॅटनं, ऑफिसनं, शिकवणी वर्गानं आणि स्कूटीवर चेहऱ्याला गुंडाळलेल्या स्कार्फनं घेतली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अंतःस्रावतज्ज्ञांनी २५ ते ३५ वयाच्या हजाराहून जास्त निरोगी स्त्री-पुरुषांचं रक्त तपासलं. २०११मध्ये निष्कर्ष छापून आले : सुमारे ७० टक्के लोकांत ‘ड’ २०च्या खाली, म्हणजे कमी. हे आजारी लोक नव्हेत, धडधाकट तरुण.

मग ऊन घ्यायचं कधी? आपल्याकडं घरोघरी सांगतात, सकाळी सातचं कोवळं ऊन घ्या. अंगाला ते बरं वाटतं, फिरणंही होतं, पण ‘ड’च्या दृष्टीनं त्यात जवळपास काही नाही. सूर्य खाली असताना किरणांना हवेतून लांबचा पल्ला मारावा लागतो आणि अतिनील-ब वाटेतच शोषला जातो. सोपी खूण अशी : तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड पडली, की त्या उन्हात ‘ड’ बनायला लागलं असं समजावं. छत्रपती संभाजीनगरात एप्रिलमध्ये ही वेळ सकाळी साडेनऊच्या सुमारास येते. तेव्हा गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालण्याच्या निमित्तानं काढलेली १५-२० मिनिटं कामाची. भर दुपारी ४२ अंशांत बसायचं काहीच कारण नाही. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य दक्षिणेला कलतो आणि आखूड सावली मिळते ती साधारण साडेअकरा ते सव्वा या वेळातच. थंडीत सकाळी आठला गच्चीवर शाल लपेटून बसलेल्या आजीबाईंना ऊब मिळते, ‘ड’ नाही. (मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा मुलीला अंगणात उभी करून ही सावलीची गंमत अवश्य दाखवा.)

आणखी तीन गोष्टी. खिडकीच्या काचेतून अतिनील-ब आत येत नाही, त्यामुळं बंद खिडकीशी बसून घेतलेलं ऊन फुकट. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे किरण अडवतं, म्हणून आपल्याला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि वय वाढलं की कातडीतला तो कच्चा मालच कमी होतो. ६९व्या वर्षी नुसत्या उन्हावर ११चे ३० होतील, ही आशा धरू नका. आईला औषध लागणारच.

काकूंच्या चुन्याकडं वळू. चुना म्हणजे कॅल्शियमच, हे खोटं नाही. पण गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यात कॅल्शियम असतं जेमतेम १० ते २० मिलिग्रॅम. आपल्या देशाच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम हवं, पाळी गेलेल्या बाईला १२००. म्हणजे चुन्यानं गरजेचा पन्नासावा हिस्साही धडपणे भरत नाही. त्यापेक्षा ज्या वाटीभर दह्यात तो कालवायचा, त्या दह्यातच त्याच्या दसपट कॅल्शियम आहे! शिवाय चुना दाहक. हात सैल सुटला तर तोंड आणि अन्ननलिका भाजते. दही ठेवा, चुना पानवाल्याकडंच राहू द्या.

जड पाण्याबद्दल तुमचा तर्क चांगला आहे आणि अर्ध्याहून जास्त बरोबर आहे. पातेल्यावरचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच. जड पाण्यात लिटरला शंभरेक मिलिग्रॅम कॅल्शियम सहज असू शकतं, आणि पाण्यातलं कॅल्शियम शरीराला चांगलं लागतं. पण दोन लिटर पाण्यातून मिळाले २००, बाकीचे हजार कुठून येणार? आणि ‘ड’ नसेल तर त्या दोनशेतलेही बहुतेक जाणार. पाणी उकळलं की थोडं थरात अडकतं. आरओ यंत्रातून काढलं तर जवळजवळ सगळं जातं, हे शहरात आल्यावर ध्यानात येत नाही.

बोअरच्या पाण्याचा विषय निघालाच आहे तर त्यातल्या दुसऱ्या पाहुण्याकडं दुर्लक्ष करू नका : फ्लोराइड. मराठवाड्यात नांदेड, विदर्भात यवतमाळ-चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांत ते मर्यादेबाहेर आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि हाडं विचित्र रीतीनं बिघडतात. काही ठिकाणी नको तितकी घट्ट होतात, सांधे आखडतात, कणा वाकत नाही. १९७३मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी फ्लोराइडग्रस्त गावांतल्या तरुणांमध्ये गुडघे आत वळून एकमेकांवर घासणारा विकार नोंदवला. जेवणात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइडचा घाव जास्त खोल बसतो, हे नंतर वारंवार दिसलं. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं तयार केली. (चुन्याचा हा उपयोग मात्र मला मान्य आहे.) गावाकडच्या बोअरचं पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या. नुसती चव किंवा थर पाहून फ्लोराइड ओळखता येत नाही.

जेवणाचं म्हणाल तर आपल्या ताटात कमतरता नेमकी कुठं आहे ते पाहा. ज्वारी गुणाची, पण कॅल्शियमच्या बाबतीत दरिद्री. दिवसाला तीन भाकरी खाल्ल्या तरी पन्नासेक मिलिग्रॅम. गहू, बाजरी आणि तांदूळ यांच्याकडूनही फार आशा नको. नाचणी मात्र वेगळीच, १०० ग्रॅममागं ३५०च्या आसपास. ती कोकणातली म्हणून मराठवाड्यानं दूर ठेवली, हे मला न पटणारं. शेवग्याचा पाला ३००च्या वर. तुमच्याकडं औरंगपुऱ्यात भाजी घेताना शेंगा घेतात आणि पाला तिथंच पडून राहतो. तिळात कॅल्शियम सगळ्यांत जास्त, १०० ग्रॅममागं हजाराच्या कितीतरी वर, पण त्यातलं बरंचसं सालात ऑक्झलेटशी बांधलेलं, म्हणून सगळं अंगी लागत नाही. पालकाचंही तेच. दूध-दही-ताक या बाबतीत अजूनही सरस : दोन मोठे पेले दूध म्हणजे गरजेचा निम्मा भाग. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही-ताक बहुधा पचतं.

मुलीबद्दल विचारलंत ते बरं केलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गर्भारपणात त्या काय खातात याची नोंद ठेवली आणि मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची हाडं यंत्रावर मोजली. २००६मध्ये निष्कर्ष आला : ज्या आया गर्भारपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळं अशा कॅल्शियमयुक्त पदार्थांचा घास जास्त वेळा घेत होत्या, त्यांच्या मुलांची हाडं सहाव्या वर्षी जास्त भरीव होती. ज्या मातांच्या रक्तात फोलेट जास्त, त्यांच्या मुलांतही तसंच. आईवडिलांची उंची आणि हाडं हिशेबात धरूनही हा फरक उरला. पुण्यातच जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या गटानं गरीब वस्तीतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना कॅल्शियम घातलेले लाडू वर्षभर खाऊ घातले. ‘ड’ सगळ्यांना दिलं, फरक फक्त लाडवातल्या कॅल्शियमचा. कॅल्शियमच्या लाडवांवरच्या मुलांच्या हाडांत खनिज जास्त भरलं. लाडवातून औषध देण्याची ही युक्ती मला फार मराठी वाटते. गोळी थुंकणारं पोर लाडू मागून घेतं.

मुलींच्या हाडांतला ९० टक्क्यांच्या आसपासचा भराव अठराव्या वर्षापर्यंत झालेला असतो. म्हणजे तुमच्या मुलीच्या हातात आता फार वर्षं नाहीत, आणि नेमकी हीच वर्षं दहावी-बारावीच्या नावानं खोलीत जातात. तिला कॅल्शियमच्या गोळ्या नकोत. दूध-दही, नाचणी, आणि रोज तासभर असं काही, ज्यात पाय जमिनीवर आपटतात : दोरीवरच्या उड्या, खो-खो, बॅडमिंटन, जिना चढणं. ज्या हाडावर भार पडतो तेच हाड भरतं. अवकाशात तरंगणाऱ्या अंतराळवीरांच्या कमरेच्या हाडातलं खनिज महिन्याला एक टक्क्याहून जास्त घटतं, तिथं खाण्यापिण्याला काही कमी नसतं.

शेवटी पुन्हा आईकडं. डॉक्टरांना दोन चाचण्यांबद्दल विचारा : पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज. दोन्ही चढलेली असतील तर हाड नुसतं विरळ नाही, त्यात खनिजच नीट भरत नाही, असा अर्थ निघू शकतो. या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आपल्याकडच्या ज्येष्ठांत बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात, आणि उपचारांचा क्रम त्यावर ठरतो. हाड टिकवणारी आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन सुरू करण्याआधी ‘ड’ भरून काढावं लागतं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरू शकतं. डेक्सा तपासणीत कमरेच्या आणि खुब्याच्या हाडाची घनता मोजतात. ‘टी-स्कोअर’ उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर ठिसूळपणा पक्का. मात्र किरकोळ पडण्यानं मनगट मोडलेल्या बाईला डेक्साचा आकडा बरा आला तरी निर्धास्त राहू नये.

‘ड’चं साठ हजार युनिटचं पाकीट डॉक्टर बहुधा आठवड्याला एक असं काही आठवडे देतील, मग महिन्याला एक. आठवड्याचं पाकीट कुणी सांगितलं नसताना वर्षभर चालू ठेवणारी माणसं मी पाहतो. ‘ड’ चरबीत साठतं, अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम खरोखरच नॉर्मलच्या वर जातं आणि मूत्रपिंडावर बेततं. तीन महिन्यांनी पातळी पुन्हा तपासा. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर द्या, ५०० मिलिग्रॅमच्या वर एका वेळी नको. आई थायरॉइडची गोळी घेत असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी.